डी-टू-डीने दुसऱ्या वर्षाला आलेली मुले टिकवायची कशी?

मांजलपूरकर (प्रश्न)

नमस्कार. बडोद्याजवळच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र शाखेला शिकवतो आणि गेली तीन वर्षे दुसऱ्या वर्षाचा समन्वयक म्हणून काम पाहतो आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका पूर्ण करून थेट पदवीच्या तिसऱ्या सत्रात येणाऱ्या, आपल्याकडे सरसकट ‘डी-टू-डी’ (डिप्लोमा टू डिग्री) म्हटल्या जाणाऱ्या मुलांविषयी मला येथील अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. मंजूर जागांच्या १० टक्के जादा जागा आणि शिवाय पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागा अशा दोन्ही वाटांनी ही मुले येतात, त्यामुळे काही शाखांत त्यांची संख्या वर्गाचा चांगला मोठा हिस्सा होते. यांतली काही मुले तिसऱ्या सत्राची परीक्षा होण्याआधीच येईनाशी होतात, काही निकाल लागल्यावर येत नाहीत, आणि गेलेला मुलगा परत आल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या वर्षीचा एक मुलगा माझ्या मनातून जात नाही. डभोईहून तो रोज अप-डाऊन करायचा. कार्यशाळेत लेथच्या फोर-जॉ चकमध्ये (चार सुट्या जबड्यांच्या पकडीत) जॉब सेंटर करायचा, म्हणजे धातूचा तुकडा नेमका मध्यावर बसवायचा होता. पहिल्या वर्षातून वर आलेली मुले डायल गेजची सुई पाहत जॉ कधी या बाजूने, कधी त्या बाजूने कसत होती. हा पुढे झाला, समोरासमोरचे दोन जॉ एकदम हातात घेतले, एक सैल करीत दुसरा आवळला, आणि चार-पाच मिनिटांत सुई जागेवर स्थिर झाली. पदविकेच्या तीन वर्षांत हे काम त्याच्या हातात बसले होते. त्याच मुलाची गणिताची मिड-सेमची उत्तरपत्रिका माझ्या सहकाऱ्याने मला आणून दाखवली. तिच्यावर प्रश्नांचे क्रमांक नीट समास आखून लिहिले होते आणि क्रमांकांच्या पुढे जवळजवळ काही नव्हते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. मी घरी फोन केला तेव्हा वडिलांनी शांतपणे सांगितले की, तो सावलीकडे एका कारखान्यात कामाला लागला आहे आणि त्याला आता शिकायचे नाही.

आम्ही काहीच केले नाही असे नाही. शनिवारी दुपारी गणिताचे जादा वर्ग ठेवले, पण दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारनंतर तेथे मोजकी मुले उरली. प्रत्येक शिक्षकाकडे वीस-वीस मुले मेंटॉर म्हणून वाटून दिली, परंतु त्या याद्या फाइलमध्ये राहिल्या आणि ज्याला बोलण्याची गरज होती तो कोणाकडे गेलाच नाही. ज्यांच्या महाविद्यालयात अशा मुलांची गळती खरोखर कमी झाली आहे, किंवा जे स्वतः या वाटेने गेले आहेत, त्यांनी आपण नेमके काय केले आणि केव्हा केले ते सांगावे, ही विनंती.

दांडियाबाजार

मांजलपूरकर सर, मी तीसहून अधिक वर्षे गणित शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे माझे बोलणे गणिताकडे झुकलेले असणार हे आधीच सांगतो.

आपण ‘केव्हा’ हा शब्द वापरलात, आणि माझ्या मते सगळे त्या एका शब्दात आहे. अमेरिकेत दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयातून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांविषयी जॉन हिल्स यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की, स्थलांतरानंतरच्या पहिल्या सत्रात या मुलांचे गुण घसरतात आणि जी टिकून राहतात त्यांच्यापैकी अनेकांचे गुण पुढे सावरतात. या घसरणीला त्यांनी ‘ट्रान्सफर शॉक’ म्हटले. तिथली व्यवस्था वेगळी आहे, तरी पहिल्या सत्रातली घसरण मी माझ्या वर्गात वर्षानुवर्षे पाहिली आहे. पहिली मिड-सेम हाती पडली की मुलगा ठरवतो, ‘हे आपले काम नाही’. आणि आपण त्याच्याकडे लक्ष देतो ते सत्राचा निकाल लागल्यावर, म्हणजे त्याचा निर्णय होऊन दोन महिने उलटल्यावर.

आता त्या मुलाच्या बाजूने वेळापत्रक पाहा. पदविकेच्या सहाव्या सत्राचा निकाल लागायचा, मग प्रवेश समितीच्या फेऱ्या व्हायच्या, मग रिकाम्या जागांची फेरी. हा मुलगा अनेकदा वर्ग सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर येतो. पदविकेत गणित बहुतांशी पहिल्या वर्षातच आटोपलेले असते, तेव्हा तिसऱ्या सत्राच्या बाकावर बसेपर्यंत दोन वर्षे त्याने गणिताला हात लावलेला नसतो. साधे डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन त्याने केलेले असते. पार्शल डेरिव्हेटिव्ह, मल्टिपल इंटिग्रल, इन्फिनिट सीरिज हे मात्र पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय आहेत आणि ते वर्ष त्याच्या वाट्याला आलेलेच नाही. थर्मोडायनॅमिक्सचा शिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतो की, उष्णता आणि कार्य यांचे डिफरन्शियल एक्झॅक्ट नसते, प्रॉपर्टीचे असते. वर्गातल्या इतरांना हे वाक्य निदान ओळखीचे वाटते. ज्याने बॉयलर आणि टर्बाइन हाताने उघडून पाहिले आहेत, त्याला ते संपूर्ण परके असते, आणि ते परके आहे हे सांगायला तो उभा राहत नाही.

शनिवारचे वर्ग का चालले नाहीत याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. डभोईचा मुलगा शनिवारी दुपारी थांबला तर घरी पोहोचायला रात्र होते. ब्रिज कोर्स वेळापत्रकाच्या आत हवा, सकाळच्या तासाला हवा आणि त्याची हजेरी धरली जायला हवी. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी चित्रकला यांचे ब्रिज कोर्स विद्यापीठांनी द्यावेत असे एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मार्गदर्शिकेतही नमूद आहे, तेव्हा प्राचार्यांकडे हा विषय नेताना आपण काही जगावेगळे मागत नाही हे लक्षात ठेवावे.

तो कोर्स शिकवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्षाचे गणित पहिल्या पानापासून सुरू केले तर मुलगा कंटाळतो आणि जे हवे ते वेळेत येत नाही. मी शेवटची काही वर्षे उलट्या बाजूने जात असे. तिसऱ्या सत्राच्या शिक्षकांकडून ‘कोणत्या आठवड्यात कोणते गणित लागणार’ याची यादी घ्यायची आणि ते गणित त्याच्या आदल्या आठवड्यात शिकवायचे, तेवढेच शिकवायचे, पण पक्के करायचे. सोमवारी ब्रिजच्या तासाला पार्शल डेरिव्हेटिव्ह झाले आणि गुरुवारी थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला तेच फळ्यावर दिसले की, त्या मुलाचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे.

भाषेकडेही लक्ष द्या. पदविकेच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत छापलेल्या असतात. पदवीला आल्यावर तो आधार एकाएकी निघून जातो. आपल्या बडोद्यात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले तेव्हा त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा देशी भाषेतून तांत्रिक शिक्षण देण्यावर भर होता. तेच कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखा झाले. त्या शहरात एखाद्या मुलाला एक्झॅक्ट डिफरन्शियल म्हणजे काय ते दहा मिनिटे गुजरातीत किंवा मराठीत समजावून सांगण्यास शिक्षकाने मुळीच संकोचू नये. उत्तर इंग्रजीत लिहिण्याचा सराव नंतर करून घेता येतो.

गोत्री_माजी_डीटूडी

मी स्वतः डी-टू-डीने शिकलो आणि आता मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत डिझाइनचे काम करतो. दांडियाबाजार सरांचे गणिताविषयीचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, परंतु मी पहिल्या सत्रात दोनदा सोडून जायच्या बेतात आलो होतो आणि त्या दोन्ही वेळांना कारण गणित नव्हते.

आमचे नोंदणी क्रमांक वेगळ्या मालिकेतले असतात आणि हजेरीपटावर आमची नावे शेवटी येतात. प्रॅक्टिकलच्या बॅच क्रमांकानुसार पाडतात, म्हणून सगळे डी-टू-डी शेवटच्या बॅचमध्ये एकत्र पडतात. कोणी मुद्दाम केलेले नसते, पण परिणाम असा होतो की, वर्गातल्या जुन्या मुलांपैकी एकाशीही तुमची ओळख होत नाही. फाइल कशी लिहायची, कोणते सर कोणता व्हायवा कसा घेतात, मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका कोणाकडे आहेत, हे सगळे जुन्या मुलांना ठाऊक असते आणि आमच्या बॅचमध्ये कोणालाच ठाऊक नसते. आम्ही एकमेकांच्या चुकाच उतरवत होतो.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपची. वर्गाचा ग्रुप पहिल्या वर्षी तयार झालेला होता. तास रद्द झाल्याचे, सबमिशनची तारीख बदलल्याचे निरोप त्यावर यायचे. मी त्यात नाही हे मला कळले, तेव्हा फ्लुइड मेकॅनिक्सची असाइनमेंट देण्याची मुदत उलटून तीन दिवस झाले होते. सर म्हणाले, ‘ग्रुपवर टाकले होते.’ त्या दिवशी मी स्टेशनवर दोन गाड्या सोडल्या आणि बाकावर बसून राहिलो. आणंद गावी घरी जाऊन काय सांगायचे ते मला सुचत नव्हते.

तिसरी गोष्ट हजेरीची. माझा प्रवेश ऑगस्टच्या मध्यावर झाला. हजेरी मात्र सत्राच्या पहिल्या दिवसापासून मोजली गेली आणि सप्टेंबरात घरी पत्र गेले की, तुमच्या पाल्याची हजेरी ७५ टक्क्यांपेक्षा कमी आहे, त्याला डिटेन केले (परीक्षेला बसण्यापासून रोखले) जाऊ शकते. आमच्या घरातला अभियांत्रिकीला गेलेला मी पहिलाच. माझ्या आईने ते पत्र तीन वेळा वाचायला लावले. मी रोज वर्गाला जातो यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. नंतर कार्यालयाने चूक मान्य केली, पण तसे दुसरे पत्र काही घरी गेले नाही.

मी राहिलो तो एका लॅब असिस्टंटमुळे. मशीन शॉपमध्ये माझा हात चालतो हे त्यांनी पाहिले आणि शिक्षकांना सांगून मला दुसऱ्या एका बॅचमध्ये बसवले, या अटीवर की, मी त्या बॅचच्या मुलांना लेथवर मदत करीन. त्या मुलांनी मला थ्रेड कटिंग विचारले, मी त्यांना लाप्लास विचारले. दोन आठवड्यांत माझ्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका आल्या, ग्रुपमध्ये नाव आले आणि कॅन्टीनमध्ये बसायला जागा मिळाली. सर, तुमचा डभोईचा मुलगा चार मिनिटांत जॉब सेंटर करत होता. त्याला दुसऱ्या बॅचच्या मुलांना ते शिकवायला सांगितले असते तर कदाचित तो दिवाळीनंतर आला असता. आपण इथे काही कामाचे आहोत हे मला पहिल्यांदा त्या लेथजवळ वाटले.

निझामपुरा_कार्यालय

मी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात काम करते. प्राध्यापक मंडळींना न दिसणारे एक कारण सांगते. काही मुले पैशामुळे जातात आणि जाताना कारण मात्र ‘अभ्यास झेपत नाही’ असे सांगतात.

पदविकेची फी, विशेषतः सरकारी पॉलिटेक्निकची, फारच कमी असते. खासगी पदवी महाविद्यालयाची फी पाहून घरचे लोक शिष्यवृत्तीच्या भरवशावर प्रवेश घेतात. गुजरात सरकारच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत वार्षिक ६ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, पदविकेनंतर पदवीला आलेल्या मुलांनाही साहाय्य मिळते. परंतु अर्ज मुदतीत व्हावा लागतो आणि पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणासाठी हजेरी व निकाल पाहिला जातो. पहिल्या वर्षाच्या मुलांना ही माहिती प्रवेशाच्या वेळी सभागृहात बसवून सांगतात. उशिरा आलेल्या डी-टू-डीच्या मुलाला कोणी सभागृहात बसवत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायला त्याला मामलतदार कार्यालयात जावे लागते, त्यासाठी तो दोन दिवस गैरहजर राहतो आणि हजेरीत आणखी मागे पडतो.

एआयसीटीईने २०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशानंतरचा परिचय कार्यक्रम सुरू करायला लावला, तो सुरुवातीला तीन आठवड्यांचा होता. आमच्याकडे तो पहिल्या वर्षापुरताच होत असे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या वर्षी येणाऱ्यांसाठी एक दिवस वेगळा काढला. सकाळी कागदपत्रे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज एकाच टेबलावर, दुपारी विभागात ओळख. हजेरीच्या नोंदीत प्रवेशाची तारीख घालण्याची सोयही त्याच वेळी करून घेतली, म्हणजे वर गोत्रीच्या दादांनी लिहिले तसे पत्र कोणाच्या घरी जाऊ नये. त्यानंतर माझ्या खिडकीशी येऊन ‘टीसी काढायची आहे’ म्हणणारी मुले मला कमी दिसली. मोजणी मी केलेली नाही, म्हणून आकडा सांगत नाही.

आणखी एक. टीसी मागायला आलेल्या मुलाला ती हातात देण्याआधी त्याची विभागातल्या एका ठरलेल्या शिक्षकाशी पंधरा मिनिटे भेट घडवावी. अडवण्यासाठी मुळीच नाही. टीसी त्याचा हक्क आहे आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने मनाई केलेली आहे. पण खिडकीवरच्या मला जे कारण तो सांगत नाही, ते बसून बोलल्यावर सांगतो.

सुरसागर

मी वडोदऱ्याच्या एका उत्पादन कंपनीत पदविकाधारकांची भरती पाहतो. दुसरी बाजू थोडक्यात मांडतो. पदविका हातात असलेल्या मुलाला नोकरी मिळते, आणि घरी बहिणीचे लग्न किंवा वडिलांचे आजारपण असेल तर तो नोकरी घेतो. त्याला अपयशी समजू नये. मात्र तो जाताना त्याला परतीचा रस्ता कोणी सांगत नाही. जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या नियमांनुसार मिळवलेले क्रेडिट, म्हणजे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक, जास्तीत जास्त ७ वर्षे खात्यात राहू शकतात. ज्या विद्यापीठाची तेथे नोंदणी आहे, त्या विद्यापीठाच्या मुलाचे खाते उघडले आहे का आणि तिसऱ्या सत्रात उत्तीर्ण झालेल्या विषयांचे क्रेडिट त्यात जमा झाले आहेत का, एवढे तरी महाविद्यालयाने त्याच्यासमोर बसून तपासावे. माझ्याकडच्या दोन मुलांना आपण अर्धवट सोडलेल्या सत्राचा काही उपयोग होऊ शकतो हेच माहीत नव्हते.

दांडियाबाजार

गोत्रीच्या सुहृदांचे पत्र वाचून मला माझी एक चूक दिसली. मीही ब्रिजच्या तासाला सगळ्या डी-टू-डी मुलांना एकत्र बसवत असे, आणि सोयीसाठी प्रॅक्टिकललाही ती एकत्रच ठेवा असे मीच विभागाला सुचवले होते. गणितासाठी वेगळा तास हवाच, या मतावर मी ठाम आहे. प्रॅक्टिकलची बॅच मात्र मिसळलेली असावी. विन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात विद्यार्थी टिकण्यासाठी अभ्यासात सामावणे आणि माणसांत सामावणे या दोन्ही गोष्टी धरल्या होत्या. मी आयुष्यभर पहिल्या गोष्टीचीच काळजी घेतली.

मांजलपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल विभागाच्या बैठकीत हे सगळे मुद्दे मी मांडले. जे ठरले आणि जे ठरले नाही ते दोन्ही कळवतो.

येत्या सत्रापासून प्रॅक्टिकलच्या बॅच क्रमांकानुसार पाडायच्या नाहीत. प्रत्येक बॅचमध्ये डी-टू-डीची मुले विभागून घालायची आणि कार्यशाळेच्या पहिल्या चार प्रॅक्टिकलना त्यांच्याकडे प्रात्यक्षिक दाखवण्याचे काम द्यायचे. याला कोणाचाही विरोध झाला नाही आणि खर्चही काही नाही. हजेरी प्रवेशाच्या तारखेपासून मोजण्याचे कार्यालयाने मान्य केले आहे. वर्गाचा जुना ग्रुप बंद करून समन्वयक म्हणून मी स्वतः नवा ग्रुप उघडीन, आणि प्रवेश निश्चित झाला त्या दिवशीच मुलाचे नाव त्यात घालीन.

ब्रिज कोर्स सकाळच्या तासाला घेण्यावर एकमत झाले नाही. वेळापत्रकात जागा नाही असे दोन सहकाऱ्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. मी गणिताच्या शिक्षकांबरोबर बसून तिसऱ्या सत्राच्या प्रत्येक विषयात कोणत्या आठवड्यात कोणते गणित लागते याची यादी करायला घेतली आहे. पहिल्या सहा आठवड्यांची यादी तयार झाली, तर निदान तेवढ्यापुरता आठवड्याला एक तास मागता येईल. दांडियाबाजार सर, आपली जुनी यादी जपून ठेवलेली असेल तर ती पाहायला मिळावी अशी विनंती आहे. मी रविवारी सकाळी आपल्याकडे येऊ शकेन.

सुरसागर यांचे पत्र वाचून मी डभोईच्या त्या मुलाला पुन्हा फोन केला. या वेळी तो स्वतः बोलला. तिसऱ्या सत्रात दोन विषयांत तो उत्तीर्ण आहे, म्हणजे परीक्षेला तो येऊन गेला होता, आणि हे मला माहीतच नव्हते. त्याच्या क्रेडिटच्या खात्याचे काय झाले आहे ते पाहण्यासाठी कारखान्यात त्याला सुट्टी असेल त्या दिवशी त्याला बोलावले आहे.